फटके मोजणारं यंत्र आणि बॉनमचे उघडे हात

९ जानेवारी १९७०. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल, लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडची मैफल. गिटारवादक जिमी पेजचा त्या दिवशी सव्विसावा वाढदिवस होता, पण त्या रात्रीची सुमारे पंधरा मिनिटं त्याच्या वाट्याची नाहीत. ‘मोबी डिक’ची रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा) गिटार आणि बास गिटार एकसुरात वाजवतात, मधल्या मोकळ्या जागा ड्रम्स भरतात, आणि मग बाकीचे तिघं मंच सोडून जातात. उरतो एकवीस वर्षांचा ड्रमर जॉन बॉनम. या मैफलीचं चित्रण २००३ साली अधिकृतपणे बाहेर आलं, त्यामुळे आज ते कुणालाही बघता येतं. स्टिक्सनी बरंच काही वाजवून झाल्यावर बॉनम त्या बाजूला टाकतो आणि उघड्या पंजांनी, बोटांनी वाजवायला लागतो. जिथे दुसरा कुणी गाडी आणखी भरधाव सोडेल, तिथे हा आवाज खाली आणतो. एवढ्या मोठ्या सभागृहात एक माणूस कातड्यावर थापा मारतोय आणि लोक कान देऊन ऐकताहेत.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एक यंत्र आहे, ड्रमोमीटर. रबरी पॅडवर पडलेला प्रत्येक फटका ते मोजतं आणि आकडा दाखवतं. वेगवान ड्रमरच्या स्पर्धा त्यावर होतात. मिनिटाला बाराशेच्या पुढे गेलेले हात आहेत, म्हणजे सेकंदाला वीस फटके. त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत असते, तिची टिंगल करायचं कारण नाही. पण फटका हलका होता की जड, मधोमध पडला की काठाला, स्टिकचा होता की बोटाचा, यातलं त्या यंत्राला काही कळत नाही. अल्बर्ट हॉलमधला तो हातांचा भाग त्याच्यापुढे ठेवला, तर बॉनम पहिल्याच फेरीत बाद.

यंत्र बिचारं आपलं काम करतं. तक्रार आहे ती आपल्या कानांबद्दल. बँड स्पर्धांचे परीक्षक, महाविद्यालयीन महोत्सवांचे आयोजक, ड्रम्सचे शिक्षक आणि अंगठ्याने तीस-तीस सेकंदांच्या क्लिप सरकवणारे आपण सगळे हळूहळू त्या यंत्रासारखे ऐकायला लागलोय. स्पर्धेत सोलोला, म्हणजे एकट्या ड्रमरच्या वादनाला, दोन-तीन मिनिटं मिळतात, म्हणून पोरं पहिल्या सेकंदापासून तुटून पडतात. गुण त्यालाच मिळतात, म्हणून शिकवणीतही तेच घोटलं जातं. तबल्याचं एकल वादन तास-दीड तास मांडी घालून ऐकणाऱ्या महाराष्ट्रात तरी हे व्हायला नको होतं.

बॉनममध्ये नेमकं काय ऐकायचं, हे आधी बघू. सुरुवात आवाजापासून, कारण सोलोची निम्मी लढाई पहिला फटका पडायच्या आत जिंकलेली किंवा हरलेली असते.

त्याच्या किटमध्ये, म्हणजे ड्रम्सच्या संचात, मोजकीच वाद्यं असत. पायाने वाजवायचा एक बास ड्रम, वर बसवलेला एक टॉम, जमिनीवर उभे दोन फ्लोअर टॉम आणि खाली तारा लावलेला एक स्नेअर, शिवाय सिंबल्स, म्हणजे धातूच्या झांजा. पुढे नगाऱ्यासारखे टिंपनी आणि धातूच्या मोठ्या थाळीसारखा गाँगही आले. बास ड्रम मात्र २६ इंची. आज दुकानात सर्रास मिळतो तो २२ इंची. २६ इंचीच्या कातड्याचं क्षेत्रफळ त्याच्यापेक्षा जवळजवळ ४० टक्क्यांनी जास्त भरतं. फ्लोअर टॉम १६ आणि १८ इंची, स्नेअर १४ इंच व्यासाचा आणि साडेसहा इंच खोल, धातूच्या कवचाचा, लडविग कंपनीचा. एवढं थोराड सामान आणि तो थोराड आवाज बघून लोकांचा समज होतो की त्याने स्किन (ड्रमचे पडदे) ढिले ठेवले असणार. प्रकार उलटा आहे. तो ड्रम चांगले चढवून लावायचा, खालचं स्किन वरच्यापेक्षाही ताणून.

याचं कारण समजून घेतलं की बऱ्याच चुका टळतात. छोटा ड्रम ढिला करून खर्ज काढायला गेलात, तर स्किन नुसतं लडबडतं. फटका पडतो, फट् होतं, संपलं. मोठा ड्रम ताणला की त्याच्या आकारामुळे खर्ज शिल्लक राहतो आणि ताणामुळे आवाज लांबवर फेकला जातो. वर स्टिक उसळून परत हातात येते, म्हणजे पुढचा फटका अर्धा फुकट मिळतो. त्या काळात ड्रम्सभोवती आजच्यासारखा माइकांचा मांडव नसे. सभागृह भरायचं काम मुख्यतः लाकूड, धातू आणि स्किनलाच करायचं होतं.

तबला ऐकणाऱ्याला इथे एक मूलभूत फरक ध्यानात ठेवावा लागतो. साध्या गोल, ताणलेल्या पडद्याची स्पंदनं सुरेल प्रमाणात नसतात. मूळ स्पंदन १ धरलं तर पुढची १.५९, २.१४, २.३० अशी वेडीवाकडी येतात. तबल्यावरची शाई त्यांना ताळ्यावर आणते, जवळजवळ पूर्णांकात बसवते, म्हणून तबला षड्जात लागतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच या गोष्टीवर लिहिलं होतं. ड्रमला शाई नाही. ड्रमरला स्वर हवा असेल तर तो दोन स्किनमधल्या ताणाच्या फरकातून, ड्रमच्या आकारातून आणि फटक्याच्या जागेतून काढावा लागतो. तबलजी आवाज काढण्याच्या ज्या रीतीला निकास म्हणतात तेच हे, फक्त अवजड सामानावर.

आता पाय. बॉनमच्या पायाची ख्याती पहिल्याच अल्बमच्या पहिल्याच गाण्यापासून झाली, १९६९ सालच्या ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’पासून. मिनिटाला नव्वद-पंचाण्णव मात्रांची लय. तिच्यात एका मात्रेचे सहा भाग पाडून, प्रत्येक तीनातला पहिला सोडून, उरलेले दोन फटके बास ड्रमवर. त्या दोन फटक्यांमधलं अंतर येतं सेकंदाचा साधारण एक दशांश. ऐकणाऱ्यांनी दोन पेडल, दोन बास ड्रम असे तर्क लढवले. पेडल एकच होतं.

सोलोत मात्र पायाचं काम वेगळं आहे. तिथे तो हातांच्या ओळीत येऊन बसतो. एक हात, दुसरा हात, पाय, पुन्हा एक हात, दुसरा हात, पाय. जगभरचे ड्रमर याला बॉनम ट्रिपलेट म्हणतात. कागदावर शाळकरी वाटतं. वाजवायला बसलं की बहुतेकांचं कुठे बिघडतं ते ठरलेलं आहे.

मेट्रोनोम (लय मोजून देणारं यंत्र) मिनिटाला ६०वर लावावा. एका मात्रेत तीन फटके: उजवा, डावा, पाय. दोन्ही हात स्नेअरवरच ठेवायचे, टॉमकडे बघायचंसुद्धा नाही. पाच मिनिटं न थांबता टिकलं तर ६४, मग ६८, असं चढत शंभरापर्यंत जावं. पहिली अडचण येते ती पाय मागे पडण्याची. पाय हातापेक्षा जड, त्यात बीटरला (पेडलच्या, ड्रमवर आपटणाऱ्या दांड्याला) अंतर कापायचं असतं. तीन सारखे दाणे पडायच्या जागी दोन पटकन आणि तिसरा उशिरा येतो, घोडा लंगडल्यासारखा. उपाय म्हणजे क्रम फिरवायचा: पाय, उजवा, डावा. आता पाय मात्रेवर पडतो आणि चूक लपत नाही. दोन्ही क्रम बिनचूक झाले की मूळ क्रमावर परत यायचं. दुसरी अडचण, हात मोठे वाजतात आणि पाय त्यांच्याखाली दबतो. वाजवणाऱ्याला ते कधीच कळत नाही, कारण बास ड्रमचा धक्का त्याला पायातून, स्टुलातून जाणवत असतो. फोन दहा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करावं आणि तीनही दाणे एका वजनाचे आहेत का ते ऐकावं. हे साधल्यावरच उजवा हात फ्लोअर टॉमवर आणि डावा वरच्या टॉमवर न्यायचा. इथे तिसरी अडचण उभी राहते: हाताला कापायचं अंतर वाढतं, म्हणून आपण नकळत घाई करतो आणि लय सुटते. सुटली की पुन्हा स्नेअर.

खरी गंमत पुढे आहे. तीनचा हा गट एका मात्रेत तीन असा न वाजवता एका मात्रेत चार दाणे पडतील अशा लयीत टाकला, की वजन दर वेळी वेगळ्या जागी येतं. चार मात्रांत सोळा दाणे. तीन-तीनचे पाच गट झाले की पंधरा होतात आणि सोळावा दाणा घेऊन पुढच्या मात्रेवर उतरता येतं. चतुस्रात तिस्र भरणं, तिहाईचं गणित, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. बॉनमच्या भरावांत हा खेळ सारखा चालू असतो. जुन्या झेपलिनवेड्यांना त्यात फक्त ताकद दिसते आणि तबला शिकलेल्या पोराला चटकन हिशोब दिसतो. मला दुसऱ्याचं ऐकणं जास्त सावध वाटतं.

असं असूनही तबला ऐकणारा माणूस ड्रम सोलोला कंटाळतो. त्याचं कारण अडाणीपणात शोधू नये. तबल्याच्या सोलोत सारंगी किंवा पेटी लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी एकच धून, धरून बसलेली असते. वादक पेशकारात (सुरुवातीच्या संथ मांडणीत) कितीही आडवळणं घेवो, कायद्याचे (ठरलेल्या बोलरचनेचे) कितीही पलटे करो, सम कुठे आहे हे लेहरा ऐकणाऱ्याला सांगत राहतो. म्हणून सम गाठल्यावर मान हलते, दाद जाते. रॉकच्या ड्रम सोलोत लेहरा धरणारी माणसंच मंच सोडून गेलेली असतात. ऐकणाऱ्याच्या हातातला दोर सुटतो. मग त्याच्या पकडीत उरतात दोनच गोष्टी, किती जोरात आणि किती जलद. टाळ्या त्यांनाच पडतात.

चांगल्या ड्रमरना हे केव्हाच कळलं होतं. जॅझमधला मॅक्स रोच १९६६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘द ड्रम ऑल्सो वॉल्टझेस’मध्ये काय करतो पाहा. तीन मात्रांचा ठेका, पहिल्या मात्रेवर बास ड्रम, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेवर पायाने मिटलेला हाय-हॅट (झांजांची जोडी). हे दोन पाय अखंड चालू राहतात आणि त्यावर हात बोलतात. पायांचा लेहराच म्हणायचा. बॉनमच्या सोलोत रोचच्या या कल्पनेचे पडसाद स्पष्ट ऐकू येतात. उघड्या हातांनी वाजवणंही त्याचा शोध नाही. जॅझ ड्रमर जो मोरेलोने १९६३ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीबरोबर ‘कॅस्टिलियन ड्रम्स’मध्ये ते करून दाखवलं होतं. बॉनमचं स्वतःचं काम असं की त्याने हा जॅझचा ऐवज उचलला, त्याला मोठ्या सभागृहाचा आवाज दिला, आणि जॅझ कधीही न ऐकलेल्या पोरांपुढे ठेवला. घरच्या बांधकाम व्यवसायात सुतारकाम केलेला, बराचसा स्वतःच्या स्वतः शिकलेला माणूस हे करतो, हेही विसरू नये.

हातांच्या भागात ध्वनीचं काय होतं, त्यावर जरा थांबायला हवं. स्टिकचं टोक स्किनला अगदी लहान जागी आणि क्षणभरच लागतं, म्हणून आवाजात कडकपणा आणि वरची स्पंदनं भरपूर. पंजा मोठ्या जागेवर पडतो आणि थोडा जास्त वेळ टेकतो, त्यामुळे वरची स्पंदनं तिथेच गुदमरतात आणि खालचा धीर आवाज उरतो. बोटं काठाजवळ मारली तर ड्रम पुन्हा वाजता होतो, मधोमध तळवा मारला तर घुमतो आणि मिटतो. स्नेअरच्या तारा सोडल्या की तोही एक उंच आवाजाचा टॉम होऊन बसतो. चाट (तबल्याचा काठ) आणि मैदान (काठ आणि शाई यांमधला भाग) यांतला फरक ज्याला कळतो, त्याला हे समजावून सांगायला लागत नाही. सराव म्हणून रोचचा तीन मात्रांचा पायांचा ठेका धरावा आणि दहा मिनिटं फक्त हाताने, फक्त एका फ्लोअर टॉमवर वाजवावं. जागा तीनच: काठ, काठ आणि मध्याच्या दरम्यानचा पट्टा, आणि मधोमध. बहुतेकांचा हाय-हॅट चौथ्या-पाचव्या मिनिटाला हाताच्या जोरकस मात्रेच्या मागे फरफटत जातो. तो जागेवर राहिला तर त्या ड्रमरकडे सोलो आहे. नसेल तर हातात नुसता वेग आहे.

मुंबईचा एक धागा या गोष्टीत खरोखरच आहे. ऑक्टोबर १९७२ मध्ये पेज आणि बँडचा गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’. बॉनम त्यात नव्हता. २०१५ साली ही ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. ‘फोर स्टिक्स’ हे नावच मुळी बॉनमने मूळ गाण्यात प्रत्येक हातात दोन-दोन स्टिक्स धरल्या म्हणून पडलं, आणि गाणं पाच आणि सहाच्या आवर्तनांत ये-जा करतं. मूळ गाणं आणि मुंबईचं रूप लागोपाठ ऐकावं. हिशोब तोच, पण एकीकडे चार काठ्यांनी जाड केलेला आवाज आणि दुसरीकडे तबल्यावरची बोटं. ज्या तालाला आपण ‘रॉकचा’ म्हणतो, त्यातलं किती हिशोबात आहे आणि किती निकासात, हे त्या नऊ-दहा मिनिटांत जितकं कळतं तितकं कार्यशाळेतही कळणार नाही.

आता विरोधी बाजू. ती कमकुवत नाही. ड्रम सोलो म्हणजे प्रेक्षकांना बिअर आणायला, आपल्याकडे चहा-वडापावला जायला दिलेली सुट्टी, हा विनोद जुना आहे आणि बऱ्याच सोलोंनी तो स्वतःच्या कर्माने मिळवलाय. सत्तरच्या दशकात सोलो हा रॉक मैफलीतला कुळाचार होऊन बसला. ज्याच्याकडे सांगायला काही नव्हतं, तोही दहा मिनिटं सांगत बसला. पंक रॉक आलं ते या फुगलेपणावर चिडूनच, आणि तो राग रास्त होता. खुद्द बॉनमही याला अपवाद नाही. १९७७च्या अमेरिका दौऱ्यातले त्याचे सोलो कधी वीस मिनिटं, कधी अर्धा तास चालत. टिंपनीच्या आवाजावर इलेक्ट्रॉनिक करामती होत. त्यात थक्क करणारे तुकडे आहेत, पण अल्बर्ट हॉलची बांधणी नाही. माझ्या मते १९७०च्या पंधरा मिनिटांत जे आहे ते १९७७च्या तीस मिनिटांत निम्मंही नाही. लांबी म्हणजे विस्तार नव्हे. तबल्याच्या बैठकीतही शेवटच्या वेगवान रेल्यालाच टाळ्यांचा कडकडाट होतो आणि पेशकाराच्या वेळी मागच्या रांगेत फोन उजळतात. तेव्हा आपण फार सोवळं नेसून बोलायला नको.

पण या आक्षेपातून काढायचा निष्कर्ष ‘सोलो तोडा’ असा नाही. आजचा उतारा नेमका चुकीचा आहे. लांबी कापली, आणि कापताना वेगाचा तुकडा तेवढा ठेवला. हळूहळू चढणारा भाग, हातांचा भाग, शांततेचा भाग सगळा गेला. जेवणातून वरण-भात काढून फक्त मिरची वाढल्यासारखं.

यात ध्वनिव्यवस्थेचा वाटा मोठा आहे आणि त्यावर फारसं बोललं जात नाही. महोत्सवात सगळ्या बँडना मिळून एकच किट असतो. बास ड्रममध्ये उशी किंवा घोंगडी कोंबलेली, पुढच्या स्किनला मोठं भोक, त्यात माइक. गाणी वाजवायला हे सोयीचं आहे. ठक् असा कोरडा ठोका मिळतो. सोलोत मात्र बास ड्रमला शेपूटच उरत नाही. बॉनमच्या बास ड्रमचं पुढचं स्किन अखंड असे आणि आत जवळजवळ काही नसे. उशी काढली आणि पुढचं स्किन अखंड ठेवलं की मात्र वाजवणाऱ्याची एक सवय उघडी पडते. बहुतेक जण बीटर स्किनमध्ये रोवून ठेवतात. अखंड स्किनच्या ड्रममध्ये हवा कोंडलेली असते, ती मागचं स्किन बाहेर ढकलते, आणि रोवलेला बीटर त्यावर थरथरतो. एका फटक्याच्या जागी भर्र ऐकू येतं. दोष ड्रमचा नाही. बीटर मारून लगेच सोडायला शिकायचं.

त्याहून मोठा घोळ गेटचा. प्रत्येक ड्रमच्या माइकवर गेट लावतात, म्हणजे ठरावीक पातळीच्या खालचा आवाज आत घ्यायचाच नाही. साउंडचेकला ड्रमर स्टिकने दणादण वाजवतो, इंजिनिअर त्यावर पातळी लावतो. सोलोत ड्रमरने स्टिक्स खाली ठेवल्या की हाताचा आवाज त्या पातळीखाली जातो आणि गेट उघडतच नाही. प्रेक्षकाला हात हलताना दिसतात, ऐकू काहीच येत नाही. दोन मिनिटांत कुणीतरी शिट्टी मारतं, ड्रमर घाबरतो, स्टिक्स उचलतो आणि वेगाच्या आश्रयाला जातो. असा हातांचा भाग एकदा पडला की तो पोरगा पुन्हा कधी प्रयत्न करत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. सोलोपुरते गेट बंद करायचे. किटला आठ-दहा माइक लावण्याऐवजी सोलोसाठी तीन-चारांवर भरवसा ठेवायचा. लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमचा इंजिनिअर ग्लिन जॉन्स याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी आहे: एक माइक स्नेअरच्या वर सुमारे चाळीस इंचांवर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, तोही स्नेअरपासून तेवढ्याच अंतरावर, आणि एक बास ड्रमपुढे. दोन्ही अंतरं सारखी हवीत, कारण आवाजाला ३४ सेंटिमीटर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. अंतर चुकलं की स्नेअरचा फटका दोन माइकांत मागेपुढे पोहोचतो आणि एकत्र केल्यावर पोकळ, बसका ऐकू येतो. टेप नसेल तर सुतळी चालते. एक टोक स्नेअरच्या मधोमध दाबून धरायचं, पहिल्या माइकपर्यंत ताणून गाठ मारायची आणि तीच गाठ दुसऱ्या माइकला लावायची. दोन मिनिटांचं काम. ग्लिनचा धाकटा भाऊ अँडी जॉन्स याने झेपलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चे ड्रम्स हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या जिन्याखाली मांडून, वर टांगलेल्या दोन माइकांनी घेतले होते. पन्नास वर्षं होऊन गेली तरी लोक त्या आवाजाच्या मागे धावताहेत. उघड्यावरच्या मंचावर जिना नसतो, पण माइक थोडे लांब ठेवून हवेला जागा देता येते. फीडबॅकची भीती असेल तर सोलोच्या वेळी ड्रमरचा मॉनिटर (त्याला बाकीची वाद्यं ऐकवणारा स्पीकर) खाली आणावा. त्याला त्या वेळी गिटार ऐकायची नसतेच.

साउंडचेकचा क्रमही उलटा करावा. ड्रमरला आधी सर्वांत हलकं वाजवायला सांगायचं, बोटांनी. ते मागच्या रांगेत ऐकू आलं की मग स्टिक्स.

आयोजकांनी आणि परीक्षकांनी काय करायचं? सोलो ठेवायचा असेल तर सहा ते आठ मिनिटं द्या, नाहीतर ठेवूच नका. दोन मिनिटांत पेशकार मांडता येत नाही, तसा ड्रम सोलोही मांडता येत नाही. ड्रमरला स्वतःचा स्नेअर, पेडल आणि सिंबल्स आणू द्या आणि किट लावायला दहा मिनिटं द्या. ड्रमच्या चावीने समोरासमोरचे स्क्रू पाव-पाव वळशाने आळीपाळीने ताणत गेलं, तर तीन-चार ड्रम तेवढ्या वेळात ठाकठीक होतात. सोलोत निदान एक भाग स्टिकविना किंवा अगदी खालच्या आवाजात असावा, अशी अट घाला. गुण देताना वेगाला वेगळा रकाना नको. लय टिकली का, आवाजाच्या किती जाती निघाल्या, शांत भागात पकड राहिली का, आणि वादक जिथून निघाला तिथे परत आला का, एवढं पुरे. यातला एकही रकाना ड्रमोमीटरला भरता येणार नाही. आकडा नसला की गुणांवर वाद होतील, अशी भीती आयोजक बोलून दाखवतात. होऊ देत. गाण्याच्या स्पर्धेतही होतात, म्हणून कुणी गायकाच्या ताना मोजत बसत नाही.

शिक्षकांना एकच सांगणं. परीक्षेच्या तुकड्यांसोबत वर्षातून एकदा मुलाला एखादा पूर्ण सोलो बसून ऐकायला लावा, आणि त्याचा नकाशा कागदावर काढून घ्या: कितव्या मिनिटाला आवाज उतरला, कुठे एकच वाक्य परत आलं, डावा पाय कुठे थांबला. मराठी घरातल्या मुलाला त्याच महिन्यात एक तबल्याचा सोलोही ऐकवा. १९६८ साली जॅझ ड्रमर बडी रिच आणि तबलावादक अल्लारखाँ एका अल्बमसाठी एकत्र बसले होते. आपण निदान एका वहीत तरी दोघांना शेजारी बसवू शकतो.

उरला परतीचा प्रश्न, आणि हौशी बँडचे सोलो सर्वांत जास्त तिथेच आपटतात. ‘मोबी डिक’मध्ये शेवटी रिफ परत येते आणि चौघं एका ठोक्यावर उतरतात. त्यासाठी इशारा आधी ठरलेला लागतो. डोळ्यांच्या खुणेवर विसंबू नये. धूर आणि दिवे यांत ती दिसत नाही. चार मात्रांचं एखादं ठसठशीत वाक्य ठरवावं, जे सोलोत दुसरीकडे कुठेच वाजणार नाही. ते दोनदा वाजवायचं: पहिल्यांदा मंचाच्या कडेला उभ्या असलेल्यांनी वाद्यं उचलायची, दुसऱ्यांदा संपताच रिफ. तालमीत हे किमान दहा वेळा करून बघावं, त्यातल्या दोन वेळा ड्रमरने मुद्दाम लवकर किंवा उशिरा इशारा देऊन. आणि सोलो सुरू झाला की बासवाल्याने चहाच्या टपरीपर्यंत जाऊ नये. मंचाच्या पायरीवर, गिटारची पट्टी खांद्यावर ठेवून, पायाने हाय-हॅटची लय धरत उभं राहावं.